फॉग लॅम्प दिवसा वेगळे लावता येतील का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मोटारीची विद्युत जोडणी

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे राहतो आणि नोकरीनिमित्त रोज बार्शी रस्त्याने वैरागपर्यंत ये-जा करतो. माझी मोटार दहा वर्षांची, लहान आकाराची असून तिचा रंग डांबरी रस्त्यासारखाच करडा आहे. समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्यांना ती भर दिवसाही उशिरा दिसते, असा माझा अनुभव आहे. बंपरमध्ये कंपनीचेच फॉग लॅम्प आहेत, परंतु पार्किंग लाइट लावल्याशिवाय ते लागत नाहीत. चावी फिरवताच हे दिवे आपोआप लागले तर दिवसाच्या दिव्यांचे काम भागेल, असे मला वाटते. ओळखीचे वायरमन म्हणतात, "एक वायर तोडून डायरेक्ट करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे." असे करून घ्यावे काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काम अर्ध्या तासाचे आहे हे वायरमनांचे म्हणणे खरे आहे, मात्र ते त्यांनी सुचवलेल्या पद्धतीने करून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण सांगण्याआधी फॉग लॅम्प 'स्वतंत्र' लागणे याचे दोन अर्थ वेगळे करावे लागतील, कारण आपल्या प्रश्नातला घोटाळा तिथेच आहे.

फॉग लॅम्प हेडलाइटपासून स्वतंत्र असणे वेगळे आणि पार्किंग लाइटपासून स्वतंत्र असणे वेगळे. पहिली सोय आपल्या मोटारीत आजही आहे: स्विचची पहिली पायरी फिरवून पार्किंग लावा, फॉगचा स्विच दाबा, हेडलाइट बंद ठेवूनही फॉग लागतील. आपल्याला हवे आहे ते दुसऱ्या अर्थाचे स्वातंत्र्य, आणि ते कंपनीने तारेची बचत म्हणून नाकारलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर-४८ या वाहनदिव्यांच्या नियमात असे बंधन आहे की पुढचे-मागचे पार्किंग दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा लागलेला असल्याखेरीज हेडलाइट किंवा पुढचे फॉग लॅम्प लागता कामा नयेत. आपल्याकडील एआयएस-००८ हे मानक त्याच धर्तीवर बेतलेले आहे. यामागचा विचार अगदी साधा आहे. पुढे उजेड दिसला की चालकाची खात्री पटते की आपले दिवे लागलेले आहेत, आणि मग मागचा लाल दिवा लागला आहे की नाही हे पाहायला तो खाली उतरत नाही.

आपल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते पाहा. गाळपाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या रांगेने निघतात, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा ट्रॉलीचा अंदाज न आल्याने ब्रेकवर उभे राहण्याची वेळ आपल्यावरही आली असेल. फॉग लॅम्प डायरेक्ट केलेली करडी मोटार सायंकाळी साडेसहाला त्याच ट्रॉलीच्या जातीची होते: समोरून दोन दिवे, मागून काळोख. शंका असेल तर जोडणी करण्यापूर्वीच एक प्रयोग करावा. दिवेलागणीला मोटार अंगणात उभी करून सगळे दिवे बंद ठेवावेत आणि पंचवीस पावले मागे जाऊन तिच्याकडे पाहावे. नंतर पार्किंग लावून पुन्हा पाहावे.

आता 'एक वायर तोडून' म्हणजे नेमके काय होते ते सांगतो. आपल्या काळातल्या बहुतेक मोटारींत फॉग लॅम्पचा मुख्य करंट बॅटरीकडून फ्यूजमधून रिलेच्या (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या) ३० क्रमांकाच्या पिनवर येतो आणि रिले ओढला गेला की ८७ क्रमांकाच्या पिनवरून दिव्यांकडे जातो. रिलेची कॉइल, म्हणजे तो ओढणारे तारेचे वेटोळे, ८५ आणि ८६ या पिनांवर असते. तिच्या एका टोकाला अर्थ (बॉडीमार्गे बॅटरीचे निगेटिव्ह टोक) आणि दुसऱ्या टोकाला स्विचमार्गे पार्किंग लाइटचा पॉझिटिव्ह मिळतो. स्विचमधून वाहतो तो फक्त कॉइलचा करंट, म्हणजे सुमारे दीडशे ते दोनशे मिलिअँपिअर. दिव्यांचा करंट मात्र मोठा असतो: ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर, आणि इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या आसपास जात असल्याने साधारण दहा. घाईत काम करणारा माणूस रिले वगळून हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या टिचभर स्विचमधून नेतो. तो स्विच महिन्या-दोन महिन्यांत मऊ पडू लागतो आणि एक दिवस त्याचा वास येतो.

दुसरी चूक याहून फसवी आहे. दोन वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावरच्या एका परिचितांची मोटार माझ्याकडे आली, तेव्हा तक्रार अशी होती की चावी काढून घेतल्यावरही स्पीडोमीटर मंद उजळलेला राहतो, मागचे दिवे निखाऱ्यासारखे धुगधुगतात आणि दर तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी बसलेली असते. घरात त्यावरून बरीच चर्चा होऊन गेली होती. डॅशबोर्डखाली हात घातला तेव्हा उलगडा झाला. कुणीतरी फॉगच्या वायरला बॅटरीचा डायरेक्ट करंट दिला होता, पण पार्किंगकडून येणारी मूळ वायर तोडलीच नव्हती. दोन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. फॉगचा स्विच चालू राहिला की करंट उलट्या वाटेने पार्किंगच्या सर्किटमध्ये शिरत होता आणि बारीक वायरीतून जाताना निम्मे व्होल्टेज वाटेतच खर्च होत होते, म्हणून दिवे मंद. सोलापूरच्या मे महिन्यात बंद मोटारीच्या आत काळ्या टेपचा डिंक पातळ होतो. त्या जोडावरची टेप बोटभर खाली घसरली होती आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर हिरवट थर चढला होता. शेजारून क्लचची केबल जात होती. शॉर्ट झाला नाही, हे नशीबच म्हणायचे.

एवढे सगळे निस्तरून जोडणी निर्दोष केली, तरी मूळ हेतू साधतो का? आमच्या मते फारसा नाही, कारण फॉग लॅम्पचा जो गुण तोच इथे दोष ठरतो. या दिव्याचा झोत मुद्दाम रुंद, आखूड आणि वरच्या बाजूने सुरीने कापल्यासारखा केलेला असतो. उजेड रस्त्यावर पडावा आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीला जाऊ नये, हीच त्याची रचना. दिवसाच्या दिव्याला, ज्याला आपण डीआरएल म्हणतो, नेमके उलट करायचे असते. त्याने रस्ता उजळायचा नसतो, समोरच्याच्या डोळ्यांत भरायचे असते. म्हणून त्याच्या मानकात समोरच्या दिशेची तीव्रता किमान ४०० आणि कमाल १२०० कँडेला ठरवून दिलेली आहे. दुपारच्या उन्हात दोनशे मीटरवरून आपला फॉग लॅम्प दिसतो तो मुख्यतः काचेवरच्या धुळीमुळे विखुरलेल्या उजेडामुळे. आणि काच पुसली की तेवढाही दिसत नाही.

काही जण दोन्ही फॉग सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडून मंद उजेडाचे डीआरएल बनवतात. सिरीजमध्ये प्रत्येक बल्बला निम्मे व्होल्टेज मिळते, पण हॅलोजनचा उजेड निम्मा होत नाही, तो जेमतेम दहाव्या हिश्शावर येतो. अप्परच्या झोताला ही युक्ती चालते, कारण तो झोत मुळात सरळ समोर जातो. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या नव्या मोटारींना दिवसाचे दिवे सक्तीचे झाले तेव्हा काही कंपन्यांनी अप्परचे बल्ब असेच मंद करून वापरले. जमिनीकडे पाहणाऱ्या फॉगला ती लागू पडत नाही.

दिवसा दिवे लावण्याच्या आपल्या मूळ विचाराशी मात्र आम्ही पूर्ण सहमत आहोत. युरोपात २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना डीआरएल बंधनकारक झाले आणि आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबरच लागू लागला. पहिले काही महिने प्रत्येक दुचाकीस्वाराला समोरचा माणूस बोटे उघडून-मिटून 'लाइट चालू आहे' असे खुणावत होता, ते आपल्याला आठवत असेल. आता ते कुणी करत नाही.

तेव्हा आमचा सल्ला असा. पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: गाव सोडले की हेडलाइट डिपरवर लावून मोटार चालवावी. बल्बचे आयुष्य थोडे कमी होईल आणि ते बंद करायची आठवण ठेवावी लागेल, एवढीच त्याची किंमत. दुसरा उपाय म्हणजे आपल्या मॉडेलसाठी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे ॲक्सेसरी म्हणून डीआरएलची जोडी मिळते का ते पाहणे. एलईडीची अशी जोडी फॉग लॅम्पच्या तुलनेत अगदी थोडी वीज घेते. ती बसवताना पाच पिनांचा रिले वापरावा. यात ८७ए ही जादा पिन असते आणि कॉइलला करंट नसताना ती ३० शी जोडलेली राहते. ३० वर चावीवरचा करंट फ्यूजमधून द्यावा, ८७ए वरून डीआरएल जोडावेत आणि कॉइलला पार्किंगचा पॉझिटिव्ह द्यावा. मग चावी फिरवताच डीआरएल लागतात, आणि पार्किंग किंवा हेडलाइट लावताच कॉइल ओढली जाऊन ते आपोआप विझतात. रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर त्यांचा त्रास होत नाही.

इतके वाचूनही आपल्याला फॉग लॅम्पच चावीबरोबर हवे असतील, तर जोडणीचा विचार उलट बाजूने करावा. फॉग लॅम्पला पार्किंगपासून तोडू नये; पार्किंगलाच चावीशी जोडावे. एक वेगळा चार पिनांचा रिले घ्यावा, त्याच्या ३० वर बॅटरीकडून फ्यूज लावलेला करंट आणावा, ८७ ची वायर पार्किंगच्या लाइनला द्यावी आणि कॉइलला चावीवरचा करंट द्यावा. पार्किंगचे चार, नंबरप्लेटचे आणि डॅशबोर्डचे बल्ब मिळून अडीच-तीन अँपिअरच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. चावी बंद असताना रिलेचे पॉइंट उघडे राहतात, म्हणून वर सांगितलेला उलट्या करंटचा प्रकार होत नाही. फॉगची मूळ जोडणी, मूळ रिले आणि मूळ फ्यूज यांना हात लागत नाही. फॉगचा स्विच एकदा चालू ठेवला की चावीबरोबर मागचे दिवेही लागतात आणि पुढचे फॉगही. याची एक छोटी गैरसोय आहे: पार्किंग लागले की पुष्कळ मोटारींत डॅशबोर्डचा आणि स्टिरिओचा पडदा रात्रीसारखा मंद होतो, आणि दुपारच्या उन्हात तो वाचायला डोळे बारीक करावे लागतात.

चावीवरचा करंट घेताना फ्यूजबॉक्समधल्या वायपरसारख्या साध्या फ्यूजला फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढून देणारा जोड) लावून घ्यावा. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला कुणाला बोटही लावू देऊ नये. बॅटरीकडून नवी वायर आणल्यास तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर शॉर्ट झाली तर तिला वाचवणारे काहीच नसते. अर्थची वायर लगने (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीने) बॉडीला कसावी, आणि त्या जागेचा रंग आधी खरवडावा. बोनेटमधून आत वायर नेताना पत्र्याला नवे भोक पाडू नये, मूळ रबरी ग्रोमेटमधूनच ती न्यावी. आणि जोडांवर टेपऐवजी गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवावी. टेपचे काय होते ते वर आलेच आहे.

हे सर्व जुन्या, साध्या वायरिंगच्या मोटारींना लागू आहे. ज्या मोटारीत दिव्यांचा कारभार बॉडी कंट्रोल मॉड्यूल या छोट्या संगणकाकडे असतो, तिथे स्विचच्या वायरीत करंट नसतो, केवळ इशारा असतो. त्या वायरीला बाहेरून बारा व्होल्ट दिले तर मॉड्यूल जळू शकते आणि त्याची किंमत दोन फॉग लॅम्पांच्या कितीतरी पट असते. आपली मोटार कोणत्या प्रकारची आहे हे पार्किंग आणि फॉग लावून, रिले काढून, त्याच्या होल्डरच्या ८५ व ८६ या पिनांवर मल्टीमीटर धरला की बऱ्याच अंशी कळते. पार्किंग बंद करताच ८६ वरचे बारा व्होल्ट गेले आणि ८५ कायम अर्थला राहिली, तर वायरिंग जुन्या पद्धतीचे असण्याची शक्यता जास्त. काही मोटारींत या दोन पिना अदलाबदल केलेल्या असतात, तेही ध्यानात घ्यावे.

कायद्याचेही सांगायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर बंधने आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए अन्वये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणूनच बाजारातला कोणताही पट्टीदिवा न घेता कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला संच घ्यावा, आणि मूळ जोडणी पूर्ववत करता येईल अशीच ठेवावी.

प्रश्न : आम्ही टेंभुर्णीजवळ राहतो. डिसेंबर-जानेवारीत उजनीच्या बॅकवॉटरच्या बाजूने सकाळी दाट धुके येते. फॉग लॅम्पमध्ये पिवळे बल्ब टाकावेत की एलईडी?
— एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : पिवळा रंग धुके भेदतो ही समजूत जुनी आणि जगभरची आहे, फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असतात, आणि एवढ्या मोठ्या थेंबांवरून सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. आकाश निळे दिसण्याचे कारण इथे लागू होत नाही. पिवळा उजेड काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो हे खरे, आणि तेवढ्यासाठी तो घ्यायला हरकत नाही, फक्त काचेवरच्या पिवळ्या थरामुळे उजेड थोडा घटतो.

हॅलोजनच्या फॉग लॅम्पमध्ये एलईडी बल्ब टाकण्याच्या मात्र आम्ही विरोधात आहोत. परावर्तकाचा आकार काही मिलिमीटरच्या एका तारेसाठी बेतलेला असतो. तिच्या जागी पट्टीच्या दोन्ही अंगांना बसवलेले एलईडी आले की झोताची वरची कड फाटते आणि उजेड वर धुक्यात शिरून पांढऱ्या पडद्यासारखा आपल्याच डोळ्यांवर परततो. बदल केलाच असेल तर मोटार भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून पाहावी: झोताची वरची कड सरळ, स्पष्ट आणि दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे वीतभर खाली पडायला हवी. तशी पडत नसेल तर जुने बल्ब परत बसवावेत. धुक्यात अप्पर लावू नये, हे आपल्याला माहीत असेलच.

प्रश्न : माझ्या मोटारीचा फॉग लॅम्पचा फ्यूज पावसाळ्यापासून सारखा उडतो. दुकानदाराने पंधराऐवजी तीस अँपिअरचा फ्यूज घातला आहे. चालेल का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : चालणार नाही; तो आजच काढावा. पंधरा अँपिअरसाठी दिलेली वायर तीस अँपिअरच्या फ्यूजआधी जळते. बल्बवरचा वॅटचा आकडा प्रथम वाचावा, कारण कुणी १०० वॅटचे बल्ब टाकले असतील तर दोघांचे मिळून सोळा अँपिअरच्या वर जातात आणि फ्यूज उडणे हे त्याचे कामच आहे. बल्ब बरोबर असतील तर दोन्ही दिव्यांचे कपलर (वायर जोडणारे प्लग) काढून, पंधराचा नवा फ्यूज घालून स्विच लावावा. तरीही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासली आहे, बहुधा बंपरच्या आतल्या धारेवर. न उडाल्यास एकेक कपलर जोडत जावे. पावसाळ्यापासून तक्रार आहे म्हणता, तेव्हा कपलर नुसता बाहेरून पाहू नका. तो उघडून उजेडात धरा, आत चिखलाचा वाळलेला थर किंवा हिरवी पडलेली पिन दिसण्याची शक्यता बरीच आहे.